ऑइल कमी होतं, हे खरं

मोटारसायकलला बाहेरचा फिल्टर बसवला तर गाडी जास्त पळते का, हा प्रश्न खेडमध्ये गॅरेज टाकल्यापासून मला विचारला जातोय. याला आता सव्वीस वर्षं झाली. विचारणारे बदलले, गाड्या बदलल्या, प्रश्न तोच राहिला. उत्तर आधीच सांगून टाकतो. नाही. आमच्याकडे येणाऱ्या रोजच्या वापरातल्या गाड्यांना तर नाहीच. हे उत्तर मला फार लवकर कळलं होतं, पण द्यायला फार उशीर केला.

या अंकाच्या संपादकांनी "गॅरेजमधल्या गमतीजमती लिहा" असं सांगितलं होतं. दोन गमती आहेत, त्या लिहितो. तिसरी गोष्ट गमतीची नाही. तशी कल्पना मी त्यांना दिली आहे.

ज्यांचा गाडीशी संबंध पेट्रोल भरण्यापुरता आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इंजिन नुसत्या पेट्रोलवर चालत नाही. एक लिटर पेट्रोल जाळायला त्याला हजारो लिटर हवा लागते. ही हवा आत घेण्यासाठी सीटखाली किंवा बाजूच्या कव्हरमागे प्लास्टिकचा काळा डबा असतो आणि त्यात घड्या घातलेला कागदाचा फिल्टर असतो. कागद धूळ अडवतो, डबा पाऊस अडवतो. दिसायला सगळं अगदी गरीब. गिऱ्हाइकाला त्याचं कौतुक नसतं, कारण ते कुणाला दिसत नाही.

बाहेरचा फिल्टर म्हणजे आम्ही ज्याला कोन म्हणतो तो. शंकूच्या आकाराचा, लाल किंवा निळा, पुढे चकचकीत टोपी. तो बसवायचा तर डबा काढून टाकायचा आणि कोन थेट कार्बोरेटरच्या, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या तोंडावर आवळायचा. हवा मोकळी झाली की पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं. मग मेकॅनिक कार्बोरेटरमधला जेट बदलून पेट्रोल वाढवतो. गाडी पेट्रोल जास्त पिते, वेग जिथल्या तिथे. चांगल्या प्रतीचे, कापडाचे, तेल लावून वापरायचे फिल्टर असतात, शर्यतीच्या गाड्यांना त्यांचा उपयोगही असेल. माझ्याकडे होते ते जाळीचे होते.

पण एक गोष्ट नक्की बदलते, ती म्हणजे आवाज. डबा गेला की इंजिनाचा श्वास उघड्यावर येतो. ॲक्सिलरेटर पिळला की मांडीखाली घुमल्यासारखा आवाज होतो आणि माणसाला वाटतं, गाडीत जीव आला. त्यात माझी एक पद्धत होती. कोन बसवायचा त्या दिवशी मी न सांगता कार्बोरेटर साफ करायचो, प्लग नवा टाकायचो, चेन ताणायचो, चाकांत हवा भरायचो. मग गिऱ्हाइकाला मागे बसवून स्टेशनकडचा चढ एका दमात चढून दाखवायचो. गाडी खरोखरच सकाळपेक्षा बरी चालायची. श्रेय कोनाला जायचं. मी खोटं असं काही बोलत नव्हतो, हे तेव्हा मला फार मोठं वाटायचं.

पहिली गंमत दाभोळच्या एका मासेवाल्याची. तो गाडीवर मागे दोन क्रेट बांधून पहाटे निघायचा. खाडीची खारी हवा आणि पाऊस कोनाला बाधेल का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, पावसात थोडं जपा. पंधरा दिवसांनी गाडी टेम्पोत घालून आणलीन.

"मेस्त्री, तुमचा फिल्टर मेला."

मी बघितलं तर कोनाला मासळीची जाड प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळीने करकचून बांधलेली.

"हे काय केलंत?"

"तुम्हीच बोललाव ना, जपा म्हणून. थेंब नाय जाणार आत."

"थेंब नाही आणि हवाही नाही. तिचं नाक दाबलंत की हो!"

मी सुतळी कापली आणि एका किकमध्ये गाडी चालू झाली. तो इतका हसला की हसता हसता खाली बसला. त्या दिवशी त्याने मला दोन पापलेट दिलीन.

दुसरे पोफळीच्या वीजघरातले सावंतसाहेब. तिथल्या कॉलनीत राहणारे, मापं घेणं हेच ज्यांचं काम, असे. त्यांनी कोन बसवून घेतला. महिन्याभराने एक वही घेऊन आले. त्यांनी सरळ रस्त्याचा एक तुकडा ठरवला होता, घड्याळ लावून कोन घालून दहा वेळा आणि डबा घालून दहा वेळा गाडी चालवली होती. वेळ, वारा, पेट्रोल, सगळं लिहिलेलं.

"मेस्त्री, फरक शून्य," ते म्हणाले. "कोन घालून एक कणभर हळूच गेली."

"पण साहेब, वाटतं ना फास्ट?"

"वाटतं तर! मलाही वाटलं. म्हणून तर वही आणली."

त्यांनी डबा परत बसवून घेतला. जाताना म्हणाले, "तुमच्या धंद्याचं नुकसान करायचं नाही, पण तुम्हाला माहीत असावं." वही माझ्याकडेच ठेवून गेले. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी कुणालाच सांगू शकत नाही. वही बाकड्याच्या खणात होती आणि वर खिळ्यांना अजून दहा-बारा कोन लटकत होते.

आता तिसरी गोष्ट.

आमच्या भागात एक जात गाडीची आहे, तिला आम्ही "मुंबईची गाडी" म्हणतो. मोठा भाऊ मुंबईला नोकरीला. तो गावात गाडी घेतो, कागद त्याच्या नावावर. वर्षातून पंधरा-वीस दिवस तो ती चालवतो, बाकीचं वर्ष गावातला भाऊ. अशा गाडीला दोन धनी असतात आणि मधे मेस्त्री. साधा प्लग बदलायचा तरी गावातला भाऊ फोन लावून माझ्या हातात देतो, "दादाशी बोला." मी सांगतो ते मुंबईत खरं धरलं जातं. कारण गाडी त्याने बघितलेली नसते, मी बघितलेली असते.

प्रभाकर आणि मिलिंद यांची गाडी अशीच होती. प्रभाकर मुंबईत सरकारी कचेरीत क्लार्क. मिलिंद गावच्या हायस्कुलात शिपाई. वाडी डोंगराच्या पोटाशी, आणि वाडीचा रस्ता चिरेखाणीच्या कडेने जातो. जांभा दगड कापणाऱ्या यंत्रांची लाल धूळ तिथे झाडांच्या पानांवरही दिसते. घरात दोघांची आई. तिला गुडघ्यांचा आणि रक्तदाबाचा त्रास. महिन्यातून एकदा मिलिंद तिला मागे बसवून खेडला डॉक्टरांकडे आणायचा. म्हातारी माझ्या दुकानासमोर उतरायची, पदराने तोंडावरची धूळ पुसायची आणि मला म्हणायची, "मेस्त्री, गाडी बरी आहे ना रे? माझे पाय तेच आहेत."

जयंतीच्या आधी दोन दिवस प्रभाकर मुंबईहून आला. वाडीतून तालुक्यापर्यंत मोटारसायकलींची मिरवणूक निघते, निळे झेंडे लावून, आणि त्या वर्षी त्याची गाडी सगळ्यांत पुढे राहणार होती. त्याची नजर खिळ्यावरच्या निळ्या कोनावर गेली.

"मेस्त्री, खरंच फरक पडतो का याने? नुसता देखावा नको. आईला बसवून चढ चढताना गाडी धापा टाकते, मिलिंद सांगत होता."

प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. चढावर ताकद हवी तर चेनचं मागचं दातेरी चक्र थोडं मोठं बसवायचं, दोन तासांचं काम. मी म्हणालो, "पडतो ना. श्वास मोकळा झाला की दम आपोआप येतो."

मिलिंद बाजूला उभा होता. "पण मेस्त्री, आमचा रस्ता खाणीचा. धूळ?"

"जाळी आहे त्याला. काढायचा, धुवायचा, परत लावायचा. जन्मभर चालेल."

"मग तो डबा द्या, घरी ठेवतो."

"कशाला? राहू दे इथे. लागला तर माझ्याकडेच येशील ना?"

नेहमीप्रमाणे कार्बोरेटर साफ केला, प्लग टाकला, चेन ताणली. प्रभाकरला चढावर नेऊन आणलं. तो उतरला तेव्हा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. "मिलिंद, आवाज बघ! आवाज बघ रे!" मिलिंद हसला. दादाला आनंद झाला म्हणून हसला, हे आता कळतं. जयंतीला मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. प्रभाकर पुढे, पांढरा शर्ट, आणि त्या कोनाचा आवाज बाजारपेठेतून घुमत गेला. त्याने मला बघून हात वर केला. मला अभिमान वाटला.

जूनमध्ये मिलिंद आला. "मेस्त्री, जुना डबा परत लावा ना. मला काही बरं वाटत नाही."

"का? दम कमी झाला?"

"दम तेवढाच आहे, पहिल्यासारखाच. पण धूळ आत जाते असं वाटतं."

डबा माळ्यावर होता. अर्ध्या तासाचं काम. पण डबा परत लावायचा म्हणजे कोन उपयोगाचा नाही हे कबूल करायचं, आणि प्रभाकर मुंबईत त्याच्या गाववाल्यांना माझं नाव सांगत होता. दिवाळीत आणखी तिघे येणार होते. मी म्हणालो, "दादांना फोन लाव. ते म्हणाले तर काढू." मिलिंदने फोन खिशातून काढला, थोडा वेळ हातात धरला आणि परत ठेवला.

पुढच्या फेब्रुवारीत गाडीने निळसर धूर सोडायला सुरुवात केली. याचा अर्थ इतकाच की धूळ आत जाऊन तिने पिस्टनच्या रिंगा खाल्ल्या. रिंगा गेल्या की खालचं ऑइल वर येऊन जळतं. आज भरलं तर आठ दिवसांत कमी. मिलिंद दर रविवारी गाडी अंगणात सरळ उभी करून, ऑइलची काडी फडक्याने पुसून, परत आत घालून बघायचा. हे मला माहीत होतं, कारण मधे मधे घालायला ऑइल तो माझ्याकडूनच न्यायचा. दोनदा त्याने विचारलं, "एवढं कसं लागतं?" दोनदा मी म्हणालो, "बघू, उघडायला लागेल."

जयंती जवळ आली, प्रभाकर आला. वाडीच्या चढावर आईला घेऊन गाडी बंद पडली आणि म्हातारीला उन्हातून चालत घरी जावं लागलं. तोपर्यंत प्रभाकरला कुणी काही सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी दोघे भाऊ गाडी ढकलत गॅरेजवर आले. मी इंजिन उघडलं. सिलिंडरला उभे ओरखडे. कार्बोरेटरच्या पुढच्या नळीत लाल चिखलाचा थर, बोटाने खरवडावा असा. मी तो फडक्याने पुसला. आधी पुसला, मग प्रभाकरला हाक मारली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

"काय झालं?"

"रिंगा गेल्या. सिलिंडरही गेला."

"एका वर्षात?" प्रभाकर मिलिंदकडे वळला. "मी तिकडनं फोन करकरून विचारायचो, गाडी बरी आहे ना? तर बरी आहे दादा, बरी आहे दादा. ही बरी?"

"दादा, मी दर रविवारी बघत होतो."

"काय बघत होतास? चिमण्या?"

दुकानात तेव्हा चार माणसं होती. एक जण हसला. प्रभाकर माझ्याकडे वळला. "मेस्त्री, तुम्ही सांगा. कुणाची भीड ठेवू नका. इंजिनात ऑइल होतं का?"

"कमी होतं."

"किती कमी?"

"काडीला लागत नव्हतं."

दोन्ही वाक्यं खरी होती. पुन्हा कधी तपासायची वेळ आली असती तरी मी खरा ठरलो असतो. ऑइल का कमी झालं, हे मला कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मिलिंद माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या हातात गाडी पुसायचं फडकं होतं. तो काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो, आणि बोलू नये अशी इच्छाही करत होतो. त्याने फडक्याची चौकोनी घडी केली आणि सीटवर ठेवली.

"ऐकलंस?" प्रभाकर म्हणाला. "किल्ली दे."

मिलिंदने किल्ली दिली.

"तुझ्याकडं गाडी टिकली नाय, आई काय टिकणार? मे संपला की तिला मी घेऊन जातो."

मला वाटलं, रागात बोलतोय. दोन दिवसांनी जयंती आटपली की शांत होईल, मग एकट्याला गाठून सांगू. जयंतीला तो दुसऱ्या कुणाच्या मागे बसला. तिसऱ्या दिवशी गाडी आहे तशी एका दलालाला देऊन टाकली. मे संपला आणि तो खरोखरच आईला घेऊन गेला. ती रिक्षातून स्टेशनला निघाली तेव्हा माझ्या दुकानासमोर रिक्षा थांबली. म्हातारी मला म्हणाली, "मेस्त्री, येते रे. मिलिंदला पायी चालू देऊ नको, पाऊस जवळ आलाय." तेव्हाही वेळ होता. प्रभाकर रिक्षात पुढेच बसला होता.

आई मुंबईत पाच वर्षं होती, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नव्हती. गुडघ्यांमुळे ती खाली उतरलीच नाही, असं ऐकलं. मिलिंद सुरुवातीला जायचा भेटायला, मग दोघा भावांचं तिथे काहीतरी वाजलं आणि जाणं थांबलं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी तो मला एस.टी. डेपोत दिसला. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी.

"कुठे?"

"मुंबई. आई गेली."

मी म्हणालो, "आत्ता बोरिवली मिळेल तुला."

यंदा मार्चमध्ये गॅरेजचे पत्रे बदलायचे म्हणून माळा रिकामा केला. जुन्या टायरांखाली तो काळा डबा निघाला. त्यावर माझ्याच अक्षरात खडूने लिहिलेलं: "प्रभाकर – मुंबई". आत कागदाचा फिल्टर होता. मी तो उजेडात धरला. स्वच्छ होता. अजून दोन वर्षं सहज चालला असता.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन वाडीवर गेलो. मिलिंद अंगणात आंब्याच्या फोडी वाळत घालत होता. केस पांढरे झालेत. पाणी आणून दिलंन. मी डबा पडवीत ठेवला आणि सगळं सांगितलं. सावंतसाहेबांची वही, मागचं चक्र, पुसलेला चिखल, सगळं.

तो ऐकत फोडी पसरत राहिला. मग म्हणाला, "मला माहीत होतं, मेस्त्री."

"काय?"

"दिवाळीच्या आधीच मी कोन काढून नळीत बोट घातलं होतं. लालभडक आलं."

"मग बोलला का नाहीस? त्या दिवशी दुकानात तरी?"

"दादाने किती हौसेने बसवलेलान तो. चार माणसांत सांगू, तुझ्या हौसेने गाडी मेली म्हणून?" त्याने हात झटकले. "मला वाटलं, तुम्ही सांगाल. मेस्त्रीने सांगितलं असतं तर दादाला लागलं नसतं. धंद्यातला माणूस सांगतोय म्हणून ऐकलं असतं त्याने. मी तुमच्याकडं बघत होतो ना."

हो. बघत होता.

थोड्या वेळाने त्याने डबा उचलला, उलटा करून बघितला. "आता याचं काय करू? यात काजूचं रोप लावतो." तो हसला, पण मला हसता आलं नाही.

मी म्हटलं, प्रभाकरला फोन करतो. त्याने नंबर दिला. मी तिथूनच लावला, नंतरही बऱ्याचदा लावला. एकदा उचलला. नाव सांगितल्यावर बंद झाला. मिलिंदला सांगितलं तर तो म्हणाला, "तुम्ही त्या अंकात लिहिताव ना? त्यात लिहा. वाडीच्या मुंबई मंडळात तो अंक येतो. दादा पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, जाहिराती धरून."

"नावं बदलू का?"

"नको. नावं बदललीत तर दादा म्हणेल, कुणातरी दुसऱ्याचा भाऊ."

म्हणून नावं बदललेली नाहीत. गॅरेज अजून चालू आहे. आता कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनच्या गाड्या येतात, त्यांचं डोकं संगणकाचं, पण पोरं तोच प्रश्न विचारतात आणि मी त्यांना सावंतसाहेबांची वही दाखवतो. त्याने कुणाचंही काही भरून निघत नाही, हे मला कळतं.

प्रभाकर, हे तुम्ही वाचत असाल तर. त्या दिवशी इंजिनात ऑइल कमी होतं, हे खरं. ते कमी झालं कारण रिंगा गेल्या होत्या. रिंगा धुळीने गेल्या. धूळ मी बसवलेल्या फिल्टरमधून गेली, आणि डबा परत लावा म्हणून मिलिंद जूनमध्येच माझ्याकडे आला होता. तुमची हौस चुकीची नव्हती. तुम्ही मला विचारलं होतंत आणि मी उत्तर दिलं होतं.

मिलिंद दर रविवारी ऑइल बघत होता.